चहानेही तोच रंग येतो

वहिनी, तू पोटाच्या दुखण्याने गेलीस असं दादा सगळ्यांना सांगतो. नागपूरच्या नातेवाइकांना पत्रात तसं कळवलं, त्याच्या फॅक्टरीतल्या माणसांना तसं सांगितलं, तिलवाऱ्याच्या घाटावर अस्थी सोडताना भटजींनी सहज विचारलं तर त्यांनाही तेच. पोटाचं दुखणं. बाईच्या बेंबीखाली जे काही असतं त्या सगळ्याला आपल्या घरात पोट म्हणतात. बारा दिवस मी हे ऐकत राहिले आणि मूग गिळून बसले. तू असतीस तर म्हणाली असतीस, "काहून वं सुमे, जीभ शाळेतच ठेवून आली काय?" एरवी माझ्या जिभेला हाड नाही ही तुझी कायमची तक्रार. नेमकी जिथे ती चालायला हवी होती तिथे पाच महिने चालली नाही.

काल तुझा तेरावा झाला. काल जे झालं त्यामुळे दादा माझ्याशी बोलत नाही. घरात दोनच माणसं उरली आणि तीही अबोल्यात, तेव्हा तुझ्याशीच बोलते. तू दुसरीपर्यंत शिकलेली. माझं अक्षर तुला लागायचं नाही. पत्र आलं की पदराला हात पुसत समोर बसायचीस आणि "वाच" म्हणायचीस. मी वाचायची, पण सगळं वाचायची नाही. आत्याच्या पत्रात तुला मूल नाही यावरून जे टोमणे असायचे ते मी गाळायची आणि त्या जागी आंब्याच्या लोणच्याची चौकशी घालायची. तुला वाटायचं आत्याबाई आता निवळल्या. गाळून वाचायची खोड मला तेव्हापासूनची, आणि तेव्हा ती मला चांगली वाटत असे.

तू या घरात आलीस तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आई जाऊन वर्ष झालं होतं. तुझ्या पेटीत चार लुगडी होती आणि सालींचं एक गाठोडं. तुझी आई आर्वीकडे सुइणीचं काम करायची. तिने लेकीला सोनं दिलं नाही, साली दिल्या आणि कुठली केव्हा उकळायची ते दिलं. दादा हसून म्हणाला होता, "बायको आणली का जंगल आणलं?" तू नव्या नवरीसारखी खाली पाहून गप्प राहिली नाहीस. म्हणालीस, "जंगल कामाले येते." दादाने त्यानंतर तुझ्या गाठोड्याची थट्टा केल्याचं मला आठवत नाही.

ते माझ्याच कामाला आलं आधी. तेराव्या वर्षी मी शाळेतून रडत घरी आले. आई बाळंतपणात रक्त जाऊन गेली होती आणि मला वाटलं, आता माझी पाळी. तू मला कोळशाच्या खोलीशेजारी, व्हरांड्याच्या टोकाला सतरंजीवर बसवलंस आणि म्हणालीस, "मरत नाहीस, मोठी होऊन राहिली." मग आलं ठेचून गुळाच्या पाण्यात उकळलंस, वर ओवा टाकलास, चुलीत वीट तापवून फडक्यात गुंडाळून पोटावर दिलीस, काळ्या तिळाचा लाडू हातात ठेवलास. आणि पाठीवर, कमरेच्या जरा वर, तळहात ठेवून बसून राहिलीस. कुकर नव्हता, गॅस नव्हता, दादाच्या डब्याची वेळ झाली होती, तरी बसलीस. माझं दुखणं त्यानंतर वीस वर्षं दर महिन्याला आलं आणि वीस वर्षं तू हेच केलंस. आराम पडायचा. आल्याने पडायचा, शेकाने पडायचा की हाताने, हे मला कधी वेगळं काढता आलं नाही. केमिस्ट्री शिकवणाऱ्या बाईला हे लिहायला लाज वाटायला हवी. वाटत नाही.

पण ते चार दिवस बाजूला बसणं मला कधी पटलं नाही. देवाला शिवायचं नाही, पाण्याला शिवायचं नाही, ताट वेगळं. मी त्या सतरंजीवर बसून सगळं बीजगणित केलं आणि प्रत्येक गणितागणिक तुझ्यावर चिडले. मी म्हणायची, हा अडाणीपणा आहे. तू म्हणायचीस, "असू दे, पण पाठ टेकून पडली आहेस नं?" यावर मी अजून चिडायची.

मग फॅक्टरीच्या बायका यायला लागल्या. आपला क्वार्टर गेटच्या वाटेवर. तोफगोळ्यांत दारू भरणाऱ्या खात्यातल्या बायका, हात पिवळे पडलेल्या, सकाळी भोंगा व्हायच्या आधी आपल्या व्हरांड्यात थांबायच्या. एकीने दुसरीला सांगितलं, दुसरीने तिसरीला. तू कोणालाही आधी डबा उघडून दिला नाहीस, आधी विचारायचीस. कितना जाता है, कितने कपड़े बदले, काला कि लाल, गाँठें गिरती हैं क्या, चक्कर आती है? तुझं हिंदी आर्वीचं, पण प्रश्न सरळ. फॅक्टरीच्या दवाखान्यात पुरुष डॉक्टर होता आणि बायका त्याला फक्त "कमजोरी" सांगायच्या. तो सगळ्यांना एकाच बाटलीतलं लाल मिक्श्चर द्यायचा. तुझ्याकडे मात्र त्या बोलायच्या. जास्त जातं तिला अशोकाची साल आणि लोध्र, वाळून चालली तिला शतावरी, नुसतंच दुखतं तिला ओवा आणि शेपा. साल गोहलपुरच्या जडीबुटीच्या दुकानातून यायची आणि तू ती दाताखाली धरून बघितल्याशिवाय घ्यायची नाहीस.

आणि तू त्यांच्या सासवांशी भांडायचीस, तेही खास तुझ्या पद्धतीने. "चार दिन इसको पानी मत भरवाना, भगवान को नहीं चलता." त्या पोरीला चार दिवस पाठ टेकायला मिळायची. मी ज्याला अडाणीपणा म्हणत होते त्यातून तू बायकांना रजा काढून देत होतीस, आणि हे माझ्या डोक्यात फार उशिरा शिरलं. तू कधी समजावून सांगितलंही नाहीस. मी विचारलंच कुठे होतं?

पासष्टची लढाई सुरू झाली आणि रजा संपल्या. डबल ड्युटी. बारा बारा तास उभं राहायचं. देवाला चालत नसेल, पण फॅक्टरीला चालत होतं. त्या दिवसांत फूलमती आली. काळीसावळी, खणखणीत आवाजाची, पण त्या सकाळी ओठ पांढरे पडले होते. म्हणाली, "भौजी, ऐसा कुछ दो कि आज रुक जाए. नहीं गई तो नाम कट जाएगा." तू पेला भरलास. आणि मी, नुकती शाळेत लागलेली बी.एस्सी. बाई, सहा बायकांच्या समोर म्हणाले, "यांना सुट्टी हवी, काढा नको. साली उकळून रक्त थांबत असतं तर हॉस्पिटलं कशाला बांधली असती? तू यांना बरं करत नाहीस वहिनी, कामाला जुंपते आहेस."

तू पेला खाली ठेवलास. "सुट्टी कोण देईल? तू देशील? चलो, लिहून दे मग." बायका हसल्या. मला ते हसणं झोंबलं. मी म्हणाले, "अडाणीपणाला औषध नाही." आणि तू आत निघून गेलीस.

खरं सांगते, आजही मला वाटतं की त्या वादात माझं अर्धं बरोबर होतं. त्यांना सुट्टीच हवी होती. पण तुझंही अर्धं बरोबर होतं, सुट्टी मी देऊ शकत नव्हते आणि तू निदान पेला देत होतीस. हा वाद आपण नीट घातलाच नाही. मी शेवटचा शब्द घेतला आणि तू अबोला घेतलास. आठ दिवस. त्याच आठ दिवसांत माझे ते चार दिवस आले. वीट आली, गरम होती. लाडू ताटात होता. पाठीवर हात नव्हता. पोट दुखून दुखून मी सतरंजीवर गुडघे छातीशी घेऊन पडले आणि तू आत भांडी घासत राहिलीस. मी इतकी घाबरले, वहिनी. मला आई दोनदा गेल्यासारखं झालं.

आणि त्या भीतीपोटी मी तो शहाणपणा केला.

मेडिकल कॉलेजात शिकणारी एक मुलगी ओळखीची होती. तिच्याकडून मी औषधी वनस्पतींचं एक जाड पुस्तक आणलं. शाळेच्या लॅबमधून फेरिक क्लोराइडची छोटी बाटली आणि दोन परीक्षानळ्या पर्समध्ये घातल्या. रविवारी दुपारी व्हरांड्यात चार-पाच बायका बसल्या होत्या, फूलमती होती, तू सूप घेऊन तांदूळ निवडत होतीस आणि माझ्याकडे बघत नव्हतीस. मी तुझ्या काढ्याचे चार थेंब नळीत घेतले, पाणी घातलं, वरून फेरिक क्लोराइडचे दोन थेंब सोडले. सगळं क्षणात निळं-काळं झालं. बायकांनी "अरे बाप रे" केलं. तू सूप बाजूला ठेवून उठलीस, नळी हातात घेतलीस, उजेडात धरलीस आणि म्हणालीस, "रंग धरला वं!" मग ती नळी कपाळाला लावलीस.

मी सांगितलं, यात टॅनिन आहे, तुरट द्रव्य. तुरट द्रव्याने स्राव आकसतो. पुस्तक उघडून वाचलं, की या सालीचा असा उपयोग आपल्याकडे फार जुना आहे, आणि जनावरांच्या गर्भाशयावर तिचा परिणाम दिसला आहे. इथे थांबले. त्याच परिच्छेदात पुढे होतं, की बायकांवर याचे पुरेसे प्रयोग झालेले नाहीत. आणि त्याखाली होतं, की पाळी कायमची बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर कुठलंही औषध देण्याआधी गर्भाशयाची तपासणी करावी, कारण ते मोठ्या रोगाचं लक्षण असू शकतं. हे मी गाळलं. आत्याच्या पत्रासारखं.

आणि माझ्या पुढ्यात माझा अर्धा प्यालेला चहा होता. त्या चहात दोन थेंब टाकले असते तर तोच निळा-काळा रंग आला असता. मला माहीत होतं. दर वर्षी नववीच्या मुलींना मी हा प्रयोग चहानेच करून दाखवते, साल कुठून आणणार? रंगावरून एवढंच कळतं की टॅनिन आहे. त्याने बाईचं रक्त थांबतं का, किती थांबतं, कुठल्या कारणाचं थांबतं, यातलं काहीही कळत नाही. माझ्या वर्गातली मुलगी असं उत्तर लिहिती तर मी शून्य दिलं असतं. पण तू माझ्याकडे बघून हसलीस आणि म्हणालीस, "ये, पाठ दुखत असेल नं तुझी, बसून बसून." तेव्हा मी चहा पिऊन टाकला.

त्यानंतर तू म्हणायला लागलीस, "माझ्या काढ्याला सायन्सने पास केलंय." तुझी मान उंच झाली. अधारतालहून बायका रिक्षा करून यायला लागल्या. जिला मूल नाही ती काय बायकांचं औषध करणार, असं तोंडावर बोलणाऱ्या सुद्धा आल्या. मला बरं वाटायचं. आपल्या घरात तुझ्या गुणांना कोणी पहिल्यांदाच नाव दिलं होतं आणि ते मी दिलं होतं. पुष्कळ जणींना गुणही आला, नाही म्हणणार नाही. कोणाला काढ्याने आला असेल, कोणाला तिळगुळाने, कोणाला आपोआप, कोणाला तू विचारलंस म्हणून. मी कधी लिहून ठेवलं नाही, मोजलं नाही. खरं सायन्स तेच असतं, आणि ते करायला मला वेळ होता, कंटाळा आला. रंग दाखवायला दोन मिनिटं पुरली होती.

मग एकाहत्तर साल. फॅक्टरीत पुन्हा डबल ड्युटी, खिडक्यांना काळे कागद, दादा घरी फक्त झोपायला. तुझी पाळी बंद होऊन तीन वर्षं झाली होती. "सुटले बाई" म्हणून तू सत्यनारायण घातला होतास, खरं कारण भटजींना न सांगता. घरात बाजूला बसणारी मीच एकटी उरले होते. दसऱ्याच्या आधी एके दिवशी मी कोळशाच्या खोलीमागे गेले तर दोरीवर तुझा जुना परकर वाळत होता आणि त्याच्याखाली, बायका लपवतात तशा, कापडाच्या घड्या वाळत होत्या. माझ्या नव्हत्या.

मी विचारलं. तू कढई घासत होतीस, मान वर केली नाहीस. "उष्णता आहे. उतरून राहिली."

"वहिनी, बंद झाल्यावर पुन्हा दिसायला नको. दवाखान्यात चल."

"अच्छा? अन् तिथे काय देतील? लाल पाणी. माझ्याजवळ तुझ्या सायन्सने पास केलेलं औषध आहे." आणि हसलीस. "तूच तं रंग दाखवला होता."

तेव्हा मला दोन वाक्यं बोलायची होती. वहिनी, चहानेही तोच रंग येतो. वहिनी, मी पुस्तकातलं पुढचं वाचलं नव्हतं. एवढंच. त्याऐवजी मी म्हणाले, "चल ना गं." तू म्हणालीस, लढाई लागणार म्हणतात, ती होऊन जाऊ दे, दादाला सुट्टी मिळू दे. लढाई डिसेंबरात लागली आणि दोन आठवड्यांत संपली. फॅक्टरीत पेढे वाटले. तू म्हणालीस, संक्रांतीचं हळदीकुंकू होऊ दे. मी प्रत्येक वेळी "चल ना" म्हणत राहिले, आणि "चल ना" म्हणणं म्हणजे काहीच न म्हणणं, हे मला समजत होतं. त्या दोन वाक्यांनी तुझी पाच-सहा वर्षांची मान खाली गेली असती. तू पुन्हा आठ दिवस बोलली नसतीस. त्या आठ दिवसांना मी घाबरले. आता बघ, आठाचे किती झाले.

फेब्रुवारीत तू चुलीपाशी पडलीस तेव्हा कुठे आपण रिक्षा केली. हॉस्पिटलातल्या लेडी डॉक्टरने पडद्याआड तुला तपासलं, हात धुतले आणि विचारलं, "कब से है?" तू म्हणालीस, "पाँच महीने." ती माझ्याकडे वळली. "आप साथ रहती हैं? क्या करती हैं?" मी म्हटलं, शाळेत शिकवते. "क्या पढ़ाती हैं?" केमिस्ट्री. तिने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला, आणि कागदावर लिहायला लागली. ती माझ्यावर ओरडली असती तर मी तिच्या पाया पडले असते.

तुला वॉर्डात ठेवून घेतलं, आणि तू मला थर्मासमधून काढा आणायला सांगितलंस. मी आणला. रोज आणला. नाही म्हणायचा हक्क माझ्याकडे उरला नव्हता. आणि एका दुपारी, तुझ्या हाताची कातडी इतकी सैल झाली होती की बांगड्या कोपरापर्यंत जायच्या, तू मला म्हणालीस, "सुमे, साल जुनी असेल काय वं? कीड लागली असेल. म्हणून गुण नाही आला." तू काढ्याला दोष दिला नाहीस, मला दिला नाहीस, स्वतःच्या डब्याला दिलास. आणि मी म्हणाले, "असेल."

असेल! वहिनी, मी आयुष्यात पुष्कळ खोटं बोलले, पण हा एक शब्द मला कोणी धुऊन देऊ शकत नाही. तू डोळे मिटून घेतलेस आणि माझा हात धरून झोपलीस. मी तुझ्या पाठीखाली हात सरकवायला गेले, तर हाडं लागली. नऊ दिवसांनी तू गेलीस.

मला तुझाही राग आहे. लिहूनच टाकते. सहा बायकांना रोज सकाळी विचारत होतीस, काळं की लाल, गाठी पडतात का, आणि स्वतःला एकदा विचारलं नाहीस. दुसरीच्या चेहऱ्यावरून तू ओळखायचीस की हिचं दुखणं काढ्याच्या पलीकडचं आहे. फूलमतीच्या सुनेला तूच रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं होतंस, विसरलीस? मग स्वतःसाठी एवढी अडाणी कशी झालीस? की तुला कळलं होतं, आणि सायन्सने पास केलेली बाई लाइनीत जाऊन उभी कशी राहणार म्हणून राहिलीस? हे मला विचारायचं होतं. थर्मास उघडून देत होते, विचारलं नाही.

आता कालचं सांगते.

दादा चार दिवस रात्रंदिवस काहीतरी करत होता. मला वाटलं तेराव्याची तयारी. काल सकाळी बघितलं तर तुझे डबे उघडे, आणि जुन्या वर्तमानपत्राच्या पुड्या करून परातीत रचलेल्या. तुझं चूर्ण, तू स्वतः कुटलेलं. म्हणाला, "जेवून जाताना प्रत्येकीच्या हातात एकेक देऊ. तिची आठवण. किती दुवा घेतला तिने याच्यावर." त्याचे डोळे सुजले होते. या माणसाने आयुष्यात कधी तुझं तोंडावर कौतुक केलं नाही, आणि आता त्याला करायचं होतं. मी परातीकडे बघत राहिले. लोक भांडी वाटतात, गीता वाटतात. आपल्या घरात तुझ्या मरणाच्या पुड्या वाटल्या जाणार होत्या आणि मी त्या वाटायला हात लावणार होते.

बायका आल्या. फॅक्टरीच्या, अधारतालच्या, तीस-चाळीस असतील. जेवल्या, रडल्या, तुझ्याबद्दल बोलल्या. दादा दाराशी उभा राहून पुडी देत होता आणि त्या कपाळाला लावून घेत होत्या. फूलमती शेवटी आली. आता पन्नाशीची झाली आहे, केस पांढरे. पुडी घेतली आणि माझ्याकडे येऊन कानाशी म्हणाली, "दीदी, एक और दिलवा दो भैया से. मेरा दो बरस से बंद था. होली के बाद फिर लग गया."

मी तिच्याकडे बघितलं. ओठ तसेच पांढरे होते. आणि वहिनी, मला सांगायला लाज वाटते, पण पहिला विचार माझ्या मनात हाच आला की तेरावा होऊ दे, मग बघू.

मग मी बोलले. मोठ्याने, वर्गात बोलते तशी, हिंदीत, म्हणजे सगळ्यांना कळावं. "भौजी पेट की बीमारी से नहीं गईं. बच्चेदानी का कैंसर था. बंद होने के बाद ख़ून फिर आया और वो पाँच महीने काढ़ा पीती रहीं."

दादा म्हणाला, "सुमन." फक्त एवढंच, आणि आवाजात असं काही होतं की तू असतीस तर मला गप्प केलं असतंस. मी गप्प झाले नाही. म्हटलं, दुखत असेल तर ओवा घ्या, शेक घ्या, तिळगूळ खा, भौजी जे सांगायची ते करा. पण ज्यांचं बंद होऊन पुन्हा सुरू झालं, किंवा ज्यांचं थांबतच नाही, त्यांनी आधी तपासून घ्या. साल उकळून ते कळत नाही.

फूलमतीच म्हणाली, तिच्या त्या खणखणीत आवाजात, "काहे दीदी, नली में तो आपने ही दिखाया था. रंग आया था. हम सब थे."

"चाय में भी आता है," मी म्हटलं. "वही रंग. मुझे पता था."

एक म्हातारी हळूच म्हणाली, "हाय राम." एकदोघींनी पुड्या तिथेच ओट्यावर ठेवल्या. बाकीच्यांनी पदरात बांधल्या आणि माझ्याकडे न बघता गेल्या. त्यांना तू खरी वाटतेस, मी नाही, आणि त्यांचं काय चुकलं? दादाने उरलेली परात उचलली, आत नेली आणि दार लावून घेतलं. काल संध्याकाळी जेवला नाही, आज सकाळी चहा घेतला नाही. त्याच्या बायकोची अब्रू मी चव्हाट्यावर मांडली, असं त्याला वाटतं. तसंच असेल.

फूलमती मात्र गेली नाही. व्हरांड्याच्या टोकाला बसून राहिली, सगळ्या गेल्यावर म्हणाली, "अकेली नहीं जाऊँगी. और डाक्टरनी को आप बताना, मुझसे नहीं बोला जाएगा." मी विचारलं, मग तू भौजीला तर सगळं सांगायचीस. ती म्हणाली, "भौजी पूछती थीं." पुडी तिने परत दिली नाही, कमरेला खोचली. मी मागितलीही नाही.

उद्या सोमवार. शाळेत रजा टाकली आहे. सकाळी नऊला तिला घेऊन हॉस्पिटलात जायचं आहे, त्याच लेडी डॉक्टरकडे, जिने तेव्हा चष्मा पुसला होता. तुला न्यायला मला पाच महिने लागले आणि फूलमतीला दोन दिवसांत नेते आहे, म्हणून माझ्यात काही सुधारलं असं तू समजू नकोस. तुझ्यापुढे मला बोलता आलं नाही. तू मेलीस, म्हणून मला तोंड फुटलं.